लांब का?

"लांब का?" आण्णांनी विचारलं, आणि माझा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर आणि एक आत असा राहिला.

मी वळून बघितलं. आण्णा ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा चेहरा. माझ्या पाठीमागून आईने शाबासकीचा हुंकार दिला.

"हो, लांब," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कराडहून नॉर्वे लांबच आहे.

पण त्या सकाळी मला 'लांब का' ऐकायचंच नव्हतं. मला ऐकायचं होतं 'कुठं'.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठं निघालात' असं विचारत नाहीत. विचारलं की कामाचा विचका झालाच म्हणून समजा. अगदीच राहवत नसेल तर 'लांब का?' असं आडून विचारायचं. आणि कुणाच्या तोंडून चुकून 'कुठं' गेलंच, तर निघालेल्या माणसाने परत आत यायचं, चपला काढायच्या, खाली टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायचं आणि मगच पुन्हा निघायचं. पुष्कळ घरांत ही रीत जुन्या माणसांबरोबर गेली. आमच्या घरात आई होती.

आणि आईचं लग्न एस.टी.तल्या कंडक्टरशी झालं होतं.

आण्णांनी सगळी नोकरी या एका शब्दावर केली. "बोला, कुठं?" हातातला तिकिटं टोचायचा चिमटा टकटक वाजवत, गर्दीतून वाट काढत, दिवसभर तोच प्रश्न. तो त्यांच्या जिभेवर असा मुरला होता की समोरचं माणूस जागचं हललं की आपोआप बाहेर पडायचा. मी शाळेला निघाले की "कुठं?" आई दळण घेऊन निघाली की "कुठं?" शेजारच्या लोहारकाकूंचं मांजर आमच्या भिंतीवरून उतरलं तरी "कुठं?" मांजराला काही फरक पडत नसे. आम्हाला मात्र बसावं लागे.

"झालं! विचारलं! बसा आता," आई म्हणायची आणि दाराजवळच्या कोनाड्यातला गुळाचा डबा काढायची. तो डबा खास त्याचसाठी होता. माझा मामा स्वतःच्या साखरपुड्याला आमच्या घरून निघाला, तेव्हा आण्णांनी भर दारात त्याला "बोला, कुठं?" विचारलं होतं. सगळी मंडळी, हातात ताटं घेतलेल्या बायकांसकट, परत येऊन ओळीने सतरंजीवर बसली आणि गूळ चघळू लागली. मामी अजून सांगते की नवरा मुलगा उशिरा का आला हे ऐकून तिच्या वडिलांनी लग्न मोडायचंच ठरवलं होतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकले. त्यामुळे आईशी वाद घालायला मला शास्त्राचा आधार मिळाला.

"आई, तुझ्या 'कुठं'चा आणि काम होण्या-न होण्याचा काही संबंध नाही. आण्णा रोजच विचारतात. तरी मी एकदाही नापास झाले नाही."

"पाणी पिऊन गेलीस म्हणून!"

असं म्हणून तिने गुळाच्या डब्याचं झाकण लावलं.

माझा विषय होता दगडफूल. आपल्या मसाल्यात पडतं तेच; खडकांवर, झाडांच्या सालींवर राखाडी पापुद्र्यासारखं वाढतं. कोयनेच्या खोऱ्यातल्या दगडफुलांवर मी प्रबंध लिहिला आणि त्या जोरावर नॉर्वेतल्या एका प्रयोगशाळेत तीन वर्षांचं काम मिळालं. आईला ही बातमी सांगितली तेव्हा ती लसूण सोलत होती.

"दगडफुलासाठी एवढ्या लांब? अगं, आपल्या वाण्याकडं सुटं मिळतं की!"

"तिथं ते कसं वाढतं ते बघायचंय."

"कसं वाढतं?"

"हळू. वर्षाला मिलिमीटर, दोन मिलिमीटर."

आईने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "आणि ते वाढताना बघायला माणूस ठेवतात," ती म्हणाली. "बरंय."

मुठीतल्या नाण्याने आण्णांनी पाण्याच्या तांब्यावर दोनदा टिंग-टिंग वाजवलं. ही आमच्या घरातली दुसरी भाषा. गाडीतल्या घंटीची दोरी एकदा ओढली तर थांबा, दोनदा ओढली तर चला. ताटावर बसून भाजी वाढणं थांबवायचं असलं तरी आण्णा वाटीवर एकदा टिचकी मारत.

त्यांनी दोनदा वाजवलं होतं. म्हणजे प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी धरलं. माझा मात्र मिटला नव्हता. मी त्यांची एकुलती एक, लग्नाला फार वर्षं झाल्यावर झालेली. आण्णा वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. आईचे गुडघे जिन्यावर कुरकुरत होते. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात गावातल्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"आमच्याकडं कायमची जागा निघालीये," ते म्हणाले. "तुमच्यासाठी सोमवारपर्यंत थांबतो. त्यानंतर मात्र मला दुसरं माणूस बघावं लागेल."

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. तिकीट काढलेलं, व्हिसा झालेला, आईने गोडा मसाला बांधून दिलेला. कुठल्या तोंडाने सांगणार? आणि खरं तर मला स्वतःलाच कळत नव्हतं की जायचंय की राहायचंय. सकाळी एक वाटे, संध्याकाळी दुसरं.

शेवटी मी स्वतःशी एक करार केला. निघताना आण्णांच्या तोंडून 'कुठं' निघालं, तर तो शकुन मानायचा आणि राहायचं. नाही निघालं तर जायचं.

शास्त्र शिकलेल्या मुलीला हे शोभत नव्हतं हे मला मान्य आहे. पण त्यातली खरी लबाडी वेगळीच होती. आण्णांनी 'कुठं' विचारलं नाही असा दिवस माझ्या आयुष्यात उगवलाच नव्हता. मी नाणं उडवत होते खरी, पण दोन्ही बाजूंना छापा असलेलं.

आणि आता आण्णा म्हणत होते, "लांब का?"

"अगं, जा की पुढं. उंबऱ्यात काय उभी राहिलीस?" आई म्हणाली.

"रुमाल राहिला," मी म्हणाले आणि आत गेले. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. रुमाल माझ्या पर्समध्येच होता. मी त्याची घडी मोडून पुन्हा घातली आणि बाहेर आले. आण्णांच्या समोरून जाताना चाल मुद्दाम मंद केली.

"लांब का?" आण्णा म्हणाले.

तिसऱ्या खेपेला मी छत्री आणायला गेले. या वेळी ओसरीच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा सावकाश लावला, काढला, पुन्हा लावला. आण्णांची नजर माझ्यावर होती. त्यांचे ओठ हलले. 'कु' उच्चारताना होतो तसा त्यांच्या तोंडाचा चंबू झालेला मी स्वतः बघितला.

तो 'कु' त्यांनी गिळला. "लांब का?"

"अहो, बास! एकदा म्हटलंत तेवढं पुरे," आई म्हणाली. "आणि तू गं? डोकं तरी बरोबर घेतलंयस का?"

लोहारकाकू कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. "काय वैजू, निघालीस? लांब?" त्यांनी विचारलं. म्हणजे आईने त्यांनाही पढवून ठेवलं होतं. मांजर भिंतीवर बसलं होतं. तेही गप्प होतं.

मुंबईत माझ्या मावसभावाकडे दोन दिवस राहून मला पुढे विमान होतं. आई-आण्णा विमानतळावर येणार नव्हते, कारण कंडक्टरची बायको असून आईला गाडी लागायची. तिची सहनशक्ती बरोबर उंब्रजपर्यंत, म्हणजे आमच्या पुढच्या थांब्यापर्यंत टिकायची. तिथेच तिची बहीण राहते, त्यामुळे देवाने अंतर विचार करून ठेवलंय असं ती म्हणे. तर ठरलं असं, की दोघांनी माझ्याबरोबर उंब्रजपर्यंत यायचं, तिथे मावशीकडे जेवायचं आणि दुपारच्या गाडीने परत फिरायचं.

कराड-मुंबई गाडी फलाटावर उभीच होती. आम्ही तिघांच्या बाकावर बसलो. खिडकीशी आई, नाकाजवळ लिंबू धरलेली. कडेला आण्णा, कारण कडेची जागा सोडून त्यांना कुठे बसताच येत नसे. आणि मध्ये मी. गाडी सुटली. आईने डोळे मिटले, आणि एक जोखीम पार पडली अशा समाधानाने म्हणाली, "चला. निघालो बाई सुखरूप. कुणी म्हणून काही विचारलं नाही."

तेवढ्यात मागून टकटक असा चिमटा वाजला.

"बोला, कुठं?"

आईच्या हातातलं लिंबू सुटलं आणि घरंगळत ड्रायव्हरच्या दिशेने गेलं.

कंडक्टर होता रफिक बागवान. नवा नोकरीला लागला तेव्हा आण्णांच्याच हाताखाली शिकलेला, ईदला आमच्याकडे शिरखुर्म्याचा डबा पोचवणारा.

"रफिक!" आई ओरडली. "अरे, तुझ्या जिभेला काही हाड?"

"काय झालं काकी? अरे, आण्णा! तुम्ही पण?"

"'कुठं' विचारलंस तिला! परदेशी निघालीय ती!"

रफिकने माझ्याकडे बघितलं, हातातल्या तिकिटांच्या पेटीकडे बघितलं. "मग न विचारता तिकीट कुठलं फाडू?"

"'लांब का' म्हणायचं!"

"काकी, 'लांब'चं तिकीट नसतं पेटीत."

आण्णांच्या पोटात काहीतरी गदगदायला लागलं होतं. सकाळपासून दाबून धरलेलं हसू ते. आधी खांदे हलले, मग सगळा बाकच हलायला लागला. "सगळ्या घराला बंदोबस्त केला हिनं," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि आणून बसवलं कुठं, तर कंडक्टरच्या पुढ्यात!"

"हसा! हसा!" आई म्हणाली. "रफिक, गाडी थांबव. तिला खाली उतरून टेकायला पाहिजे."

"काकी, ती टेकलेलीच आहे की."

एव्हाना आजूबाजूचे लोक यात पडले होते. पुढच्या बाकावरच्या नऊवारीतल्या बाई म्हणाल्या की बसलेल्या माणसाला पुन्हा बसायची गरज नसते, नुसतं पाणी चालतं. मागून कुणीतरी पाण्याची बाटली पुढे दिली. "आणि गूळ?" आई म्हणाली. "गूळ घरी राहिला."

"गूळ व्हय?" पलीकडच्या रांगेतले फेटेवाले आजोबा म्हणाले. त्यांनी बाकाखाली हात घालून गोणपाटात गुंडाळलेली अख्खी ढेप ओढून काढली. "लेकीकडं नेतुय पुण्याला. घ्या, कितीबी घ्या." त्यांनी कोपरा फोडला आणि माझ्या तळहातावर लाडूएवढा खडा ठेवला.

सगळी गाडी बघत होती. मी गूळ तोंडात घातला आणि पाणी प्यायले. "आता कसं!" नऊवारीतल्या बाई म्हणाल्या.

माझा शकुन झाला होता. फक्त चुकीच्या माणसाकडून. करारात 'आण्णांच्या तोंडून' असं होतं. रफिकचं धरायचं की नाही? गालात ती ढेप धरून मी खरंच याचा विचार करत होते.

"झालं ना? आता विचारू का?" रफिक म्हणाला. "ताई, लांब का? म्हणजे मुंबईच ना?"

मी तोंड उघडलं. 'हो' म्हणायचं, एवढंच काम होतं. शब्द निघेना. गूळ विरघळत होता आणि मी रफिकच्या सदऱ्यावरच्या पितळी बिल्ल्याकडे बघत बसले होते. रफिक थांबला. आण्णांचं हसणं थांबलं.

आण्णा रोज जेवताना गाडीतली काहीतरी गोष्ट सांगायचे. त्यातली एक माझी लहानपणीची आवडती होती. पाटणच्या गाडीत एकदा एक तरुण बाई चढली. कुठं म्हणून विचारलं तर काही बोलेचना. सासरी भांडून निघालेली. माहेरी जावं की माघारी फिरावं तिचं तिलाच ठरेना. आण्णांनी तिला पुढच्या थांब्याचं तिकीट दिलं. तो आल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा पुढच्या थांब्याचं दिलं. असं करत करत बाई पाटणपर्यंत गेली.

"मग ते तिचं माहेर होतं की सासर?" मी दर वेळी विचारायची.

"ते नाही विचारलं. कंडक्टरनं 'कुठं' विचारायचं. 'का' विचारायचं नाही."

आता आण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खिशातून पाकीट काढलं.

"रफिक," ते म्हणाले, "तीन उंब्रज."

"तीन? आण्णा, ताईचं तर—"

"तिचं पण उंब्रजच फाड. पुढचं उंब्रजला बघू."

रफिकने तिकिटं दिली आणि तो पुढे गेला. माझ्या हातात उंब्रजचं तिकीट आलं, आणि मी ते दुमडून मुठीत धरलं.

"कॉलेजातली जागा कधीपर्यंत आहे?" आण्णांनी समोर बघत विचारलं.

"सोमवार. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या प्राचार्यांचा शिपाई माझ्याच गाडीनं शाळेला यायचा लहानपणी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस."

खिडकीबाहेर उसाचे फड मागे जात होते. मी म्हणाले, "आण्णा, तुम्ही आज 'कुठं' म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो."

"एकदाही नाही. मी तीनदा परत आले."

"बघितलं ना. रुमाल पर्समध्ये होता, टोक बाहेर दिसत होतं. छत्री विमानात कशाला लागते? इतकी वर्षं माणसं बघितली मी, वैजू. ज्याला उतरायचं असतं त्याची मान दाराकडं वळलेली असते."

"मग विचारायचं होतं की."

"तोंडात आलेलं. तू चपलेचा पट्टा लावत होतीस तेव्हा तर दातापर्यंत आलेलं." आण्णा माझ्याकडे वळले. "विचारलं असतं तर राहिली असतीस ना?"

"हो."

"मला बरंच वाटलं असतं. रोज घरी आली असतीस. पण राहिली असतीस ती माझ्या जिभेमुळं. मग पुढं कधी तुझा चेहरा उतरलेला दिसला की मला वाटलं असतं, आपण तोंड उघडलं म्हणून." मग ते म्हणाले, "आणि मला गप्प बसून राहायची सवय नाही. आठ दिवसांत जीव गेला."

"आठ दिवस शिकवलं मी त्यांना," आई डोळे न उघडता म्हणाली. तिला गाडी लागू नये म्हणून ती झोपली असेल असं आम्ही समजत होतो. "दूधवाल्यावर सराव केला. तो म्हणाला, मालकांना बरं नाही का?"

"आई, तुला पण माहीत होतं? कॉलेजचं?"

"मला वाटलं ही खरंच रुमाल विसरली," आई म्हणाली. प्रश्न टाळला, म्हणजे तिला माहीत होतं.

मग मी विचारलं. इतके दिवस गिळलेलं ते एकदाचं बाहेर पडलं. "मी गेले तर तुमच्याकडं कोण बघणार?"

आईने एक डोळा उघडला. "आत्तापर्यंत तू आमच्याकडं बघत होतीस? मला आपलं वाटत होतं, आम्ही तुझ्याकडं बघतोय."

"तसं नाही गं. पुढं कधी—"

"पुढचं पुढं. माझं आत्ता उंब्रज येऊ दे धड. लिंबू शोध ते आधी."

लिंबू ड्रायव्हरच्या मागे सापडलं. नऊवारीतल्या बाईंनी ते पदराला पुसून मागे पाठवलं.

उंब्रज आलं. मावशी स्टँडवर उभी होती. तिने मला खिडकीतून हात लावून घेतला आणि माझ्या मांडीवर दशम्यांची पुरचुंडी ठेवली. आई उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन मोठे श्वास घेतले आणि मग माझ्याकडे बघितलं. आम्ही घरीच रडून घेतलं होतं, त्यामुळे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मसाला कोरड्या जागी ठेव."

आण्णा उतरले नव्हते. ते दाराच्या पायरीवर उभे होते, वरची दांडी एका हाताने धरून, चालत्या गाडीत आयुष्यभर उभे राहायचे तसे. माझं तिकीट संपलं होतं. माझी बॅग वर फळीवर होती. काढायची म्हटली तर उठून हात लांब करायचा अवकाश. आई-आण्णांबरोबर मावशीकडे जेवून दुपारच्या गाडीने परत जाता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं.

रफिक पेटी घेऊन आला आणि आण्णांकडे बघत घुटमळला.

आण्णांनी त्याला हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे वळून, पार मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "बोला ताई! कुठं?"

खालून आई काही बोलली नाही.

मी बॅगेकडे बघितलं. नॉर्वे मला अजूनही म्हणता येत नव्हतं. मुंबईसुद्धा नाही. पण तेवढं लांबचं मला कुणी विचारलंच नव्हतं.

"सातारा," मी म्हणाले. "एक."

"फक्त सातारा?" रफिक म्हणाला.

"सातारचं फाड," आण्णा म्हणाले. "पुढचं साताऱ्यात विचार. कंटाळू नको."

"नाही कंटाळत आण्णा. तुम्हीच शिकवलंय."

आण्णांनी हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली. टिंग, टिंग. गाडी हलल्यावर ते उतरले, कंडक्टर उतरतात तसे, गाडीच्या चालीत दोन पावलं धावून.

साताऱ्यात रफिक आला. "ताई, कुठं?" मी पुण्याचं तिकीट घेतलं. फेटेवाले आजोबा म्हणाले, "पोरगी हप्त्याहप्त्यानं चाललीय जनू." स्वारगेटला ते ढेप घेऊन उतरले आणि रफिक पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मुंबई."

प्राचार्यांना मी फोन केला तो मुंबईहून, मावसभावाच्या घरून. सोमवारची वाट त्यांना बघायला लावली नाही.

नॉर्वेत मी तीन वर्षांसाठी गेले होते. राहिले त्याहून बरीच जास्त. पण एका वेळी एकाच वर्षाची. दर वर्षी काम वाढवून घ्यायची वेळ आली की रविवारच्या फोनवर आण्णा खाकरायचे आणि म्हणायचे, "बोला, कुठं?" कधी मी म्हणायचे, "एक वर्ष, इथंच." एकदा मी म्हणाले, "कराड," आणि सहा महिने येऊन राहिले, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून परत गेले. आण्णांनी 'का' म्हणून कधी विचारलं नाही.

पुढे ते दोघं माझ्याकडे आले. उंब्रजपलीकडे गाडी लागणाऱ्या आईला विमानात काहीही झालं नाही. जेवण मात्र तिने दोनदा मागून घेतलं. आण्णांना मी ट्राममधून फिरवलं. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि अस्वस्थ झाले.

"कंडक्टर नाही?"

"नाही आण्णा. तिकीट यंत्रातून येतं."

"कुणी विचारतच नाही कुठं म्हणून?" ते म्हणाले. "मग ही माणसं पोचतात कशी?"

एका दुपारी मी त्यांना समुद्राकाठच्या माझ्या खडकावर नेलं. त्यावरच्या दगडफुलांची वाढ मी दर वर्षी मोजत होते. आण्णांना तिथलं पाणी दाखवून मी मागे वळले तर आई खडकापाशी बसून नखाने काहीतरी खरवडत होती.

"आई!"

"अगदी वाण्याकडचंच की गं!"

"तिकडच्याचं चुलत भावंड आहे ते. आणि मी ते मोजतेय!"

"मग आता थोडं कमी मोज," आई म्हणाली. संध्याकाळच्या आमटीत माझं बरंच काम होतं. चव चांगली होती.

ते परत निघाले त्या दिवशी टॅक्सी वेळेआधी आली. बॅगा दाराशी होत्या. आईने लोकरीच्या मोज्यांवर सपाता चढवल्या, खिडकीतल्या कुंडीला उगीचच पाणी घातलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि वळली. आण्णा तिच्या मागे. टॅक्सीवाला खाली उभा होता. आईचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

"कुठं?" मी म्हणाले.

आई जागच्या जागी थांबली. "झालं!" ती म्हणाली. "विचारलं! एवढी शिकली, आणि बापाच्या वर गेली!" ती परत आत आली, मोठ्या बॅगेवर धपकन बसली आणि सपाता काढायला लागली. "गूळ आहे का घरात? बघत काय उभी राहिलीस? आण."

मी गुळाचा डबा आणि पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यामध्ये ठेवला. आण्णा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी कोट काढून त्याची नीट घडी घातली, आईशेजारी टेकले, टेबलावरचा चमचा उचलला आणि तांब्यावर वाजवला.

एकदाच.